काना

कंडक्टरनं विचारलं, कुठलं आरे?
आणि मला सांगता आलं नाही.

घरात एक पत्र्याची नळी आहे.
आगबोटीवरचे लोक आपले कागद असल्या नळीत ठेवत,
समुद्र आत शिरू नये म्हणून.
समुद्र शिरला नाही. वाळवी शिरली.
तिनं सोडलं ते एवढंच:
जिवबा वल्द धाकू, जात गाबीत,
उजव्या भुवईवर व्रण,
काम सुकाणी,
गाव आरे.

एक आरे रत्नागिरीजवळ, वाऱ्याला खेटून.
एक खाली देवगडात, जिथल्या स्टॉपवरून
समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू आल्यासारखा वाटतो.
त्याच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जैतापूर.
मेल्यावर शेजाऱ्यानं नोंदवलं, मालवण.
माणूस एक, आणि गावं
पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्यांसारखी,
कुठली कुणाची कळत नाही.

मोडी वाचणारे फणसळकर भिंग सरकवत म्हणाले,
हा काना असेल,
किंवा बोरू घसरला असेल.
काना नसेल तर बाई, हे नुसतं 'अरे' आहे.

तेव्हापासून मला दिसतं ते असं:
धक्क्यावरचं टेबल, रांग, डांबराचा वास,
कारकून मान वर न करता विचारतो, गाव?
आणि सतरा वर्षांचा जिवबा म्हणतो, अरे...
म्हणजे पुढचं जुळवायला थोडा वेळ मागतो.
कारकून लिहून मोकळा होतो.
पुढचा!

तरी मी दोन्हीकडे गेले.
वरच्या आऱ्यात तलाठ्यानं फडताळ उघडून दाखवलं:
जुनी दप्तरं भिजून विटा झालेली.
खालच्या आऱ्यात गुरवानं गाऱ्हाणं घातलं,
व्हय म्हाराजा, असेल नसेल ते लेकरू पदरात घे.
दोन देवळांत दोन नारळ.
त्यातला एक तरी
कुणा परक्याच्या नावानं फुटला.

मग देवगडच्या बंदरावर
सत्यभामा कोयंडे, सुंगटं वाळत घालत होती.
वय विचारलं तर हसली.
माझी वही उलटी धरून पाहिली, परत दिली.
"बापाशीचो गाव सोदतंस गो तू.
पयलो झील ना तो?
मगे आवशीच्या म्हायाराक झालो असतलो.
तिचा म्हायार खंय?"

वहीत जिवबाची आई म्हणजे एक आडवी रेघ,
धाकूच्या नावापासून निघालेली,
टोकाला काही नाही.
सात पिढ्यांचे बाप मला पाठ आहेत.
तिचं सासरचं नाव कुणीतरी लक्ष्मी सांगितलं होतं,
ताटातल्या तांदळात बोटानं लिहिलेलं असणार.
त्या तांदळाचा भात झाला.
त्याआधीचं नाव ज्या वाडीत हाकेत होतं
तिथून ती दिवस भरल्यावर
की भरायच्या आधीच, मचव्यातून, कुठल्या खाडीत,
आणि नेली तरी होती का कुणी?

मी स्वतः वेंगुर्ल्याची, आजोळची,
आणि आजवरच्या प्रत्येक फॉर्मवर
जन्मस्थळापुढे बाबांचं गाव लिहीत आले.
कुणी दुरुस्त केलं नाही. आईनंही नाही,
ती शेजारीच बसलेली असायची, पिशवी मांडीवर.

सत्यभामाबाईनं मूठभर सुंगटं पेपरात बांधून दिली.
पैसे घेतले नाहीत, मग घेतले.

स्टँडवरून आईला फोन लावला.
चौऱ्याऐंशी वर्षं, एका कानानं ऐकते.
ओरडून विचारलं, आई, तुझ्या आईचं माहेर कुठलं?
मागे कुकरची शिट्टी झाली.
"अगं..." म्हणाली,
आणि थांबली.

वही उघडीच होती.
पेन कागदाला टेकलेलं.